माटोळीचा ड्राफ्ट्समन

जगातून जे नाहीसं होतं ते कलेत उरतं. हे वाक्य माझं नाही. गोव्यातल्या पेडण्याच्या एका कलाकार-निवासाच्या माहितीपत्रकात ते पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत होतं. मूळ इंग्रजीत, मराठीत मी आणलं. मूळ वाक्यात एक 'कदाचित' होतं. मराठीत ते नीट बसेना म्हणून मी गाळलं. पुढं जे झालं त्याचा दोष त्या एका शब्दावर मी टाकणार नाही, पण त्या प्रकरणाला माझा हात पहिल्यांदा लागला तो तिथं.

त्या जागेला सगळे 'रेसिडेन्सी' म्हणत. मोपाच्या पठाराखालच्या एका गावात, एका घराचा अर्धा भाग भाड्यानं घेऊन ती थाटली होती. चार तरुण चित्रकारांनी सहा आठवडे तिथं राहायचं आणि प्रायोगिक कॉमिक्स करायची. प्रायोगिक कॉमिक्स म्हणजे ज्यात हसू येत नाही आणि गोष्टही पुढं सरकत नाही, असं मला समजावण्यात आलं. त्या व्याख्येत माझी वाचनालयातली सगळी नोकरी बसत होती. मी कारापूरची. निवृत्त झाल्यावर समन्वयक म्हणून तिथं लागले. संचालिका मॅडमचं म्हणणं गावाला सांगायचं आणि गावाचं मॅडमना, एवढंच काम. दोन्हीकडचं थोडं थोडं सांगायचं राहून जाई, म्हणून सगळं सुरळीत चाले.

घराच्या उरलेल्या अर्ध्या भागात घरमालक राहत. वय सत्तरीपलीकडे. गाव त्यांना आपा म्हणे. अंगात बारीक रेघांचा शर्ट, खिशात सहा इंची स्टीलची पट्टी. चष्मा विसरतील, पट्टी नाही. सकाळी पदेर सायकलवर पाव घेऊन आला की आपा सोप्यावर बसून एक पोयी, म्हणजे कोंड्याचा गोल पाव, हातात घेत आणि तिच्यावर पट्टी ठेवत.

"चार मिलिमीटर गेलो."

"आपा, पोयी खावची असता, मेजूची नसता," पदेर म्हणे.

"मेजल्याशिवाय कितलां गेलां तां कळतलां कसां?"

पदेर बिचारा घंटी वाजवत निघून जाई. आपा पोयीचा व्यास एका वहीत लिहून ठेवत आणि मग ती चहात बुडवून खात. त्या वहीवर विश्वास ठेवायचा तर आणखी काही वर्षांनी पेडण्यात पोयी दिसायला भिंग लागेल.

दुसरी सवय म्हणजे एक प्रश्न. कुणी काही मोठं बोललं की ते शांतपणे विचारत, "स्केल काय?" उद्घाटनाच्या दिवशी मॅडम अर्धा तास बोलल्या. हा उपक्रम म्हणजे या भूमीशी संवाद आहे, असं काहीतरी. मी भाषांतर करत होते. माझं संपल्यावर आपांनी हात वर केला. "संवाद म्हणतात तो बरो असा. पण स्केल काय?" मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मी सांगितलं, घरमालकांना उपक्रम आवडला.

हा प्रश्न त्यांच्या धंद्यातला होता. तीस-एक वर्षं ते डिचोलीकडच्या एका खाणीच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. डोंगर उभा कापला तर आत काय दिसेल ते ट्रेसिंग पेपरवर काढायचं. पायऱ्या पायऱ्यांनी तो कसा उतरवायचा ते ठिपक्यांच्या रेघांनी दाखवायचं. कागदाच्या खालच्या कोपऱ्यात तीन चौकटी: काढणारा, तपासणारा, तारीख. त्यांची सही पहिल्या चौकटीत, साहेबाची दुसऱ्या. मग यंत्रं जात आणि कागदावर होतं तसं डोंगराचं होई. कारापूरला आमच्या अंगणातून त्यातला एक डोंगर दिसायचा. आता मागचं आभाळ दिसतं. ते मी आपांना एकदा सहज बोलून गेले.

"तो माझो," ते म्हणाले. "तिसऱ्या पायरेपासून खाली माझो."

अभिमान नव्हता, लाजही नव्हती. पोयीचं माप सांगावं तसं सांगितलं.

पण त्या नोकरीतून त्यांनी एक भीती घरी आणली होती. ती मला त्यांच्या सुनेनं, सुलभानं सांगितली. आपण जे काढतो ते जातं, अशी त्यांची पक्की समजूत होती. डोंगर काढले, गेले. निवृत्तीनंतर दारातला फणस काढला, तो त्याच पावसात आडवा झाला. बायकोनं हट्ट करून स्वतःचं चित्र त्यांच्याकडून काढवून घेतलं होतं. सुलभानं भिंतीकडं बोट दाखवलं. भिंतीवर हार घातलेला फोटो होता, चित्र नव्हतं.

तेव्हापासून त्यांनी नियम केला: असलेली वस्तू काढायची नाही. जी आधीच गेलेली आहे तीच काढायची. तिला आणखी काय होणार!

गेलेल्या वस्तूंचा हिशेब त्यांना माटोळीतून कळे. आमच्याकडं चवथीला गणपतीच्या माथ्यावर लाकडी पट्ट्यांची चौकटी-चौकटींची जाळी टांगतात आणि तिला रानातली फळं, फुलं, शेंगा बांधतात. ती माटोळी. हल्ली तिचा बाजार भरतो, सगळं आयतं मिळतं. आपा बाजारातून एक काडी आणत नसत. "बाजारातली माटोळी म्हणजे दुसऱ्याच्या डोंगराचो नकाशो," म्हणत. त्यांची माटोळी मागच्या सड्यावरून, म्हणजे कातळाच्या माळावरून यायची. सड्यावर आधी रस्ता आला, मग कुंपणं आली, मग तळ्यासकट बंगल्यांचे फलक आले. दर चवथीला एखाद-दुसरी गोष्ट कमी होऊ लागली. आपा त्या चौकटीत नुसता दोर लोंबता ठेवत, टोकाला गाठ मारलेला. आणि जे मिळालं नाही ते कागदावर काढून पत्र्याच्या पेटीत टाकत.

कागद माटोळीला का बांधत नाही, असं मी विचारलं होतं.

"देवाच्या माथ्यार बांधलां काय तां देवाचां," ते म्हणाले. "मागीर तां परत पेटयेत घालूक येना. कागद माझो असा."

हे त्यांनी मला सोप्यावर बसून, स्वच्छ शब्दांत, चवथीच्या महिनाभर आधी सांगितलं होतं. मी ते मुद्दाम लिहून ठेवते आहे.

पेटी उघडली ती मुक्तानं. चौघा चित्रकारांपैकी ही पुण्याची. स्वतःच्या बालपणावर कॉमिक करायला आली होती. पहिले दोन आठवडे चौकटी आखायची आणि खोडायची. एका सकाळी ती पट्टी मागायला आपांकडं गेली आणि दुपारी जेवायलाच आली नाही. मी पाहायला गेले तर ही जमिनीवर पालथी, भोवती शंभर-सव्वाशे कागद, आणि आपा खुर्चीवर, दाढीला साबण लावून घेताना करतात तसा चेहरा करून.

चित्रं खाणीच्या नकाशासारखी होती. पेनाची बारीक, न थरथरणारी रेघ. कवंडळाच्या लाल फळाचा उभा छेद. प्रत्येक कागदावर उत्तर दिशेचा बाण. स्केल एकास एक. कोपऱ्यात त्या तीन चौकटी. काढणारा: सही. तारीख: चवथ. तपासणारा: रिकामा.

"हे बघा," मुक्ता म्हणाली आणि तिनं एका ओळीत सहा कागद मांडले. सहाही घागऱ्यांचे. घागऱ्या म्हणजे रानातल्या शेंगा. वाळल्या की हलवल्यावर पैंजणासारख्या वाजतात. एका वर्षी सड्यावर त्या मिळाल्या नाहीत, तेव्हा आपांनी पहिलं चित्र काढलं. पुढच्या वर्षीही मिळाल्या नाहीत, पुन्हा काढलं. मागचं चित्र न बघता, कारण ते बघणं म्हणजे कॉपी. पहिल्या कागदावर बारा शेंगा, आतल्या बिया ठिपक्यांनी दाखवलेल्या, खाली टीप: 'हालयल्यार वाजता.' तिसऱ्यावर सात शेंगा. पाचव्यावर बिया नाहीत. सहाव्यावर तीन शेंगा, पानं कुणा दुसऱ्याच झाडाची असावीत तशी, आणि टीप: 'वाजता असां वाटता.'

मी सत्तावीस वर्षं पुस्तकांत काढली. माणसाचं विसरणं इतकं नीट, मापासकट, उत्तरेच्या बाणासकट मांडलेलं मी कुठं वाचलं नव्हतं.

"आपा, हे कॉमिक आहे," मुक्ता म्हणाली.

"कॉमिक म्हणजे हसूचां मा?"

"नाही, तसं नाही—"

"मग ठीक असा."

बालपण बाजूला पडलं. रेसिडेन्सीनं माणूस बदलतो असं माहितीपत्रकात लिहिलं होतं. एवढी एक गोष्ट खरी निघाली. मुक्तानं ठरवलं की दिवाणखान्यात छताला मोठी माटोळी टांगायची. आडव्या ओळीत एकच वस्तू, वर्षामागून वर्ष. उभ्या ओळीत एकच वर्ष, त्या वर्षी नसलेल्या सगळ्या वस्तू. खाली चटया. वाचणाऱ्यानं उताणं पडून वाचायचं, कुठूनही कुठं जायचं. पुस्तक नाही, पान नाही, उलटायचं काही नाही. ती रात्रंदिवस ट्रेसिंग पेपरवर आखत बसली. तिच्या मते हेच तिचं काम होतं, आपांच्या चित्रांना वाचता येईल अशी जागा करून देणं. हे तिचं बोलणं ऐकताना मी प्रथमच त्या माहितीपत्रकाविषयी वाईट विचार केला नाही.

आपा तयार होईनात. मुक्तानं त्यांना एवढंच विचारलं, "तपासणारा कोण?"

"तोच तर नाय. ज्यांनी बघितलेली तीं गेली, नायतर मुंबईक असत."

"चवथीला येतील ना. खाली झोपून बघतील. सांगतील कुठं चुकलंय ते."

आपा बराच वेळ पट्टी बोटांत फिरवत बसले. त्यांना प्रदर्शन नको होतं, नाव नको होतं. त्यांना तपासून हवं होतं. घागऱ्या वाजायच्या की नाही, हे कुणीतरी खात्रीनं सांगायला हवं होतं. "तपासून घेवया," ते म्हणाले.

मॅडमना कल्पना अर्थातच फार आवडली. त्यांना भित्तिपत्रक हवं होतं आणि त्यावर लोकांना ओळखू येईल असं काहीतरी. कवंडळ कुणाला कळणार? नारळ काढून द्या, म्हणाल्या.

"नारळ कशाक काढू? नारळ गावता," आपा म्हणाले.

"ते काय म्हणतात?" मॅडमनी विचारलं.

"विचार करून सांगतो म्हणतात."

चार दिवस मागणी चालली. पाचव्या दिवशी आपांनी नारळ काढला. खाली सही केली आणि कागद माझ्या हातात देताना माडांकडं अशी नजर टाकली की मलाही क्षणभर वर बघावंसं वाटलं.

मग मॅडमना वाटलं, माटोळी आहे तर खाली गणपती हवा. त्याशिवाय अस्सल वाटणार नाही. छोटा, मातीचा. त्यांनी मला विचारलं, "काही अडचण नाही ना?"

आपांचं ते सोप्यावरचं वाक्य मला आठवत होतं. पण माझी पिशवी भरून झाली होती, चवथीला मला कारापूरला घरी जायचं होतं, आणि मॅडमना एखादी गोष्ट समजावायला दीड तास लागे. मी म्हटलं, "अडचण कसली?"

आपा मला अंगणात गाठून म्हणाले, "बाय, तिका सांग. गणपती हाडू नका. गणपती हाडलो काय ती देवाची माटोळी जाता."

"सांगते," मी म्हटलं. सांगितलं नाही. एक पाटी मात्र लिहून लावली, मॅडमच्या आज्ञेवरून: 'फोटो काढू नयेत. अनुभव घ्यावा.' नीट फोटो आणि स्कॅन चवथीच्या सातव्या दिवशी व्हायचे होते. पणजीहून एक जाणकार यायचा होता.

पुढचं सुलभानं सांगितलेलं आहे.

मॅडमचा गणपती नुसता शोभेचा, पूजेचा नाही, अशी आपांनी मनाची समजूत घातली होती. चवथीच्या दुसऱ्या दिवशी गाव लोटला. माणसं चटयांवर ओळीनं आडवी झाली. आधी हसली, मग ओळीमागून ओळ वाचू लागली. आपा कोपऱ्यात वही घेऊन उभे. बहुतेकांना काही आठवेना; "बरां काढलां, आपा," म्हणून उठत. आपांचा चेहरा पडत चालला. शेवटी देवळाकडची म्हातारी आत्या आली. तिला दोघींनी धरून निजवलं. तिनं घागऱ्यांच्या ओळीवर बोट नाचवलं.

"ह्यां चुकलां रे."

"खयचां?"

"सगळां. शेंगो खाली तोंड करून असतत. तू वर कित्याक केलंस? वाजतल्यो कश्यो?"

"पण वाजतत?"

"वाजतत म्हणजे? आमी पायांक बांधून नाचल्यांव."

सुलभा म्हणाली, आपांना इतकं हसताना लग्नानंतर तिनं पाहिलं नव्हतं. चूक सापडली म्हणून माणूस एवढा आनंदतो! त्यांनी पहिला कागद सोडवून खाली आणला, आत्याचा अंगठा शाईत बुडवून तपासणाऱ्याच्या चौकटीत उठवला आणि कागद होता तिथं परत बांधला. चवथ सरली की आत्यानं रोज यायचं आणि एकेक ओळ तपासायची, असं ठरलं. आपांनी पेन स्वच्छ करून ठेवलं. नवा ट्रेसिंग पेपर मागवला.

पाचवा दिवस विसर्जनाचा. चित्रकार मांद्र्याला समुद्रावर गेलेले, मॅडम पाहुण्यांच्या तयारीला पणजीत, मी कारापूरला स्वतःच्या गणपतीची आरती म्हणत. भटजी आले, त्यांनी घरातल्या गणपतीची उत्तरपूजा केली, मग दिवाणखान्यातल्याची केली. आपा घरचा गणपती घेऊन व्हाळावर, गावच्या ओढ्यावर गेलेले. इकडं सुलभा आणि शेजारच्या दोघी-तिघींनी दरवर्षी करतात तेच केलं. घरची माटोळी सोडली, मग दिवाणखान्यातली. खायचं ते वाटायचं, न खायचं ते निर्माल्याबरोबर पाण्यात. कागद खायचे नव्हते. त्यांनी ते दुमडले नाहीत, चुरगळले नाहीत. एकावर एक नीट रचून, वर दूर्वा ठेवून पाटीत भरले. मूर्तीमागून पाटी व्हाळावर गेली.

आपा पाण्यात गुडघाभर उभे होते. त्यांनी पाटी पाहिली. सुलभाला त्यांचा चेहरा पाहून एकदम काहीतरी कळलं. ती म्हणाली, "आपा, राखू काय कागद?"

भटजी थांबले. व्हाळाला भरपूर पाणी होतं. आपांनी वरचा कागद उचलला, अंगठ्याचा, थोडा वेळ पाहिला आणि परत ठेवला.

"देवाच्या माथ्यार बांधल्लो," ते म्हणाले. "सोड."

सहाव्या दिवशी मी परतले तेव्हा मुक्ता दिवाणखान्यात चटईवर उताणी पडली होती. वर नुसती लाकडी जाळी. मी आपांकडं गेले. ते पोयीवर पट्टी न ठेवता खात होते.

"तू सांगलंस नाय मा तिका?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"माका वाटलांच." मग पोयी संपवून, "चूक तुझी नाय, बाय. स्केलच चुकलां," असं म्हणून ते आत गेले. काय म्हणायचं होतं ते मी विचारलं नाही. मला सुटका हवी होती आणि ती मिळाल्यासारखी वाटली. ती सुटका नव्हती हे पुढच्या महिन्यांत कळत गेलं.

जाणकार सातव्या दिवशी ठरल्याप्रमाणं आला. त्यानं रिकामी जाळी पाहिली आणि फारच प्रभावित झाला. मॅडमनी अहवालात लिहिलं की कलाकृतीनं स्वतःहून पाण्याकडं परत जाणं निवडलं. मी ते मराठीत आणलं. या वेळी एकही शब्द गाळला नाही. पुढच्या वर्षीच्या रेसिडेन्सीचा विषय 'क्षणभंगुरता' ठरला आणि अर्ज दुप्पट आले.

आपांनी पेन पुन्हा हातात घेतलं नाही. आत्या ठरल्याप्रमाणं चवथ सरल्यावर आली. तपासायला काही नव्हतं. दोघं सोप्यावर बसून चहा प्याली. ती शेंगांविषयी सांगत होती, आपा मान हलवत होते, आणि मधेच त्यांनी विचारलं, "कसल्यो घागऱ्यो?" तेव्हा सुलभानं कप उचलले. आत्या त्याच हिवाळ्यात वारली.

मुक्ता पुण्याला जाऊन सगळी चित्रं आठवून आठवून काढत होती. वर्षभरानं तिनं घागऱ्यांची सहा चित्रं छापून पाठवली, शेंगा खाली तोंड केलेल्या. मी ती आपांना नेऊन दाखवली. त्यांनी खिसा चाचपला, पट्टी नव्हती. कागद दूर धरले, जवळ धरले.

"बरां असा," ते म्हणाले. "खयच्या झाडाचां?"

त्या चवथीला सुलभानं बाजारातून प्लॅस्टिकची फळं आणली. माटोळीत एकही दोर रिकामा राहिला नाही. आपा खाली खुर्चीवर बसून वर पाहत होते आणि खूश दिसत होते.

त्यांच्या हातचं एकच चित्र आज उरलं आहे. ते माटोळीला बांधलं नव्हतं म्हणून. काच लावून रेसिडेन्सीच्या ऑफिसात टांगलंय, खाली माहितीपत्रकातलं पहिलं वाक्य, माझ्या भाषांतरात. उत्तरेचा बाण आहे, स्केल एकास एक. तपासणाऱ्याच्या चौकटीत मॅडमची सही. चित्र नारळाचं आहे. नारळ पेडण्याच्या बाजारात बाराही महिने मिळतो.